उजवी पाकळी

११ ऑगस्ट, सोमवार

नंबर लागला. गोंदिया. सरकारी मेडिकल कॉलेज, एमबीबीएस!

श्रावणातला तिसरा सोमवार, त्यामुळं भैरोबाच्या देवळात रेटारेटी. मी गाभाऱ्यात अभिषेकाच्या पाण्यात उभा आणि अक्षता बाहेर मंडपात मोबाईल धरून. तिनं हाक मारली नाही. शेवटचा माणूस नारळ घेऊन गेला तेव्हा उंबऱ्याशी येऊन म्हणाली, "अण्णा, यादी लागली. गोंदिया आलंय." एसटी चुकली म्हणून सांगावं तसा आवाज.

मी लेकीच्या तोंडाकडं बघत राहिलो. दोन वर्षं ही पोर देवळाच्या ओवरीत पुस्तकं मांडून बसली. आम्हा गुरवांच्या घरात बारावीच्या पुढं आजवर कोणी गेलं नाही, मीही नाही. आणि डॉक्टरकीला नंबर लागला तर पोर हसायचं नाव घेत नाही.

पेढे आणले. एक देवापुढं ठेवायला गेलो आणि हात अडखळला. ह्या देवाशी माझं तीन वर्षं धड बोलणं नाही. पूजा करतो, नैवेद्य दाखवतो, आरती म्हणतो. बोलत मात्र नाही. शेवटी ठेवला पेढा. आपलं काम आहे ते.

हिची आई, रेश्मा असती तर गावभर सांगत फिरली असती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून घरात माणसांचा राबता. हिंदुराव सुभेदार तर तिकिटाची चौकशी करूनच आले. सैन्यात होते, रेल्वेचं सगळं तोंडपाठ.

"आकाराम, कराडातनंच थेट गाडी हाय रं. संध्याकाळी बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदिया. डबासुदीक बदलायला नको. लांब लांब काय करताय? मी आसामात काढली चार वर्सं."

त्यांना सगळं नीट सांगावं लागलं. अक्षताचा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आधीच नंबर लागलाय, कॉम्प्युटरला. पोरीनं दोन्ही परीक्षा दिलेल्या. एक हुकली तर दुसरी असावी, हे माझंच डोकं. मेडिकलची यादी लांबली म्हणून कराडला प्रवेश घेऊन टाकला. तिचे सगळे मूळ दाखले तिथं जमा आहेत. आता वीस तारखेपर्यंत गोंदियाला हजर व्हायचं, नाहीतर ती जागा गेली. आणि गोंदियाला जायचं तर कराडला जाऊन दाखले काढून घ्यायचे, म्हणजे ही जागा गेली.

"मग कवा निघायचं डॉक्टरीणबाई?" सुभेदारांनी विचारलं.

अक्षता उठली आणि चहाचे कप गोळा करायला लागली. अर्धे भरलेलेसुद्धा. सुभेदारांचा तर ओठालाच लागला होता.

१३ ऑगस्ट, बुधवार

"कॉलेज एकदा नीट बघू या" म्हणाली, म्हणून आज कराडला गेलो. एसटीनं पाऊण तास. मोठं फाटक, आत झाडी, पोरी घोळक्यानं चाललेल्या. एका शिपायाला विचारून वर्गसुद्धा बघून आलो. अक्षतानं बाकावर हात फिरवला. मी मनातल्या मनात वेळापत्रक लावत होतो. सकाळी आठची गाडी, संध्याकाळी साडेपाचला परत. म्हणजे आरतीला पोर घरात. मला ते वेळापत्रक फार आवडलं. इथं खोटं कशाला लिहू.

येताना संगमावर टेकलो. कोयना गढूळ होती, कृष्णा तिच्याहून गढूळ. भेळ घेतली, तिनं कागदातच ठेवली.

"अण्णा, मी तिकडं गेले तर तुमी जेवणार काय?"

म्हटलं, "गुरवाला नैवेद्याची काय कमी? पोळीवर पोळी."

हसली नाही. तेव्हा मला कळलं, अडलंय ते माझ्यापायी. असं वाटलं आणि वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. स्वतःची लाज वाटायला मग एसटीत बसेपर्यंत वेळ लागला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पलूसहून सुलाक्का आली. माझी थोरली बहीण. पिशवी खाली ठेवायच्या आधी सुरू.

"लेकीला त्या टोकाला पाठवतोस व्हय? आजारी पडली तर कोन हाय तिथं? आन तुझं रं? भाकरी कोन थापणार? कराडात काय वाईट हाय? घरनं जाऊन यील, डोळ्यापुढं ऱ्हाईल."

मी म्हटलं, "आक्का, डॉक्टर होतीया ती."

"व्हऊ दे की. पर आधीच तुझ्या घरात बाई न्हाई." आणि पदर डोळ्याला. रेश्माचं नाव काढून रडली. रडते ती खरंच, आक्काचं प्रेम खोटं नाही. पण तिच्या रडण्याला नेहमी एक गाठोडं बांधलेलं असतं, ते सोडून बघावं लागतं.

अक्षता भाकरी करत होती. तिला विचारलं, सरळ विचारलं, आक्कासमोर. "तुला काय व्हायचंय? माझा विचार करू नको. सहावीत असल्यापासनं डॉक्टर डॉक्टर करतीस."

तिनं तव्यावरची करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मला न्हाई ठरवता येत."

"म्हणजे?"

"मी ठरवायचं नाही. आईच्या वेळी विचारलं तसं भैरोबाला विचारा. कौल लावा. तो म्हणंल तिकडं जाईन."

माझा हात उठला होता. आजवर पोरीवर उठला नाही. तसाच माझ्याच डोक्यावरून फिरवला आणि बाहेर आलो. आईच्या वेळी विचारलं तसं! हिला दुसरं काही आठवू नये?

आक्का मात्र खूश. "शानी हाय लेक. देवाच्या हवाली करावं."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडावंदन झालं. पोरं जिलेबी खात गेली. देवळाला कुलूप लावून ओवरीत लिहायला बसलोय. हे तीन वर्षांत लिहिलं नाही. लिहून टाकतो एकदाचं.

आमच्या भैरोबाचा कौल पंचक्रोशीत मानतात. लग्न जमवायचं, विहीर पाडायची, भावाभावांचं वाटप — सगळे आधी इथं येतात. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नको. माझ्या वडिलांनी लावले, त्यांच्या वडिलांनी लावले. मी लावतो त्याला सव्वीस वर्षं झाली.

रेश्माच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, लगेच करा, गाठ अजून लहान आहे. तारीखही दिली. रेश्मा घाबरली नव्हती. म्हणाली, "काढून टाकू या की." घाबरलो आम्ही. सुलाक्काचा दीर त्याच वर्षी ऑपरेशनच्या टेबलावर गेला होता. अक्षता तेव्हा दहावीत. आईचा पदर सोडत नव्हती. शाळेतून येऊन आधी आईच्या अंगाला हात लावून बघायची.

सगळे म्हणाले, दुसऱ्यांना कौल देतोस आणि स्वतःच्या घरात असाच निर्णय घेणार? मलाही ते पटलं. कौलाचं ताट एरवी रेश्मा मांडायची. पंचामृताची वाटी, पाण्याची वाटी, पाकळ्या, उजवी उजवीकडं आणि डावी डावीकडं. त्या दिवशी ती पायरीवर बसून होती म्हणून ताट अक्षतानं मांडून दिलं. मी पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं — देवा, ऑपरेशन करू का?

डावी पडली. लगेच पडली.

आणि उजवी हललीसुद्धा नाही. दिवसभर नाही. दुसऱ्या दिवशी पूजेला गेलो तरी खांद्याला तशीच. मुंग्यांची रांग लागली होती तिच्याकडं, त्या पंचामृताला नेहमीच येतात. नखानं खरवडून काढावी लागली. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, देवाचा नकार एवढा पक्का मी उभ्या आयुष्यात बघितला नाही.

तारीख पुढं ढकलली. पाला, काढे, एका बाबाचं पाणी. तीन महिन्यांनी परत मिरजेला गेलो तेव्हा डॉक्टर कागद बघत बसले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तेव्हा का नाही आलात?"

गाठ पसरली होती. रेश्मा वाचली नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते. पाकळी मी लावली. मीही घाबरलो होतो. उजवी लावताना माझा अंगठा जास्त दाबला गेला का? देवानं नको म्हटलं, की माझ्या अंगठ्यानं? सव्वीस वर्षांचा हात माझा, किती दाबलं की पाकळी किती वेळ राहते हे त्याला ठाऊक असतं. मला आठवत नाही. शपथेवर सांगतो, आठवत नाही. देवावर रागावलो तर वाटतं त्याचा काय दोष. स्वतःवर रागावलो तर सकाळी उठून पूजा करता येत नाही. म्हणून देवावरच रागावतो.

अक्षताला ह्यातलं काही बोललो नाही. तिचा बाप तिच्या आईला मारून बसला असेल, हे लेकीला कसं सांगायचं?

१६ ऑगस्ट, शनिवार

उद्या रविवार, देवाचा वार. उद्याच कौल. सोमवारी संध्याकाळची गाडी धरली तरच वीस तारखेला गोंदियात हजर होता येईल. सुभेदारांनी तिकिटं काढून ठेवलीत, "न्हाई गेलात तर रद्द करू" म्हणाले. दोन्ही वेटिंगची आहेत.

दुपारी अक्षताला परत समजवायला गेलो. ती कपाटाचा तळकप्पा आवरत होती. आईचे रिपोर्ट तिनं फाईलला लावून ठेवलेत, तारखेप्रमाणं. मला माहीतही नव्हतं.

म्हटलं, "बाळा, देव कॉलेजातलं काय सांगणार? त्याला इंजिनिअरिंग माहीत नाही की मेडिकल माहीत नाही."

"त्याला मी माहीत हाय," ती म्हणाली.

"मग तूच का नाही सांगत?"

"तो जा म्हणाला तरच जाईन अण्णा. न्हाई म्हणाला तर कराड. मी रडणार न्हाई."

फाईल मांडीवर घेऊन बसली होती. बोटानं तिची कड घासत होती. कुणाची तरी भीती वाटावी तशी बसली होती ती. माझीच वाटत असावी. बाप एकटा पडेल, आणि सोडून गेली म्हणून लोक बोलतील, ते तिला स्वतःच्या तोंडानं ठरवायचं नाही. देवाच्या तोंडानं ठरलं की कुणाचा बोल नाही. एवढंसं पोर, किती विचार करतं.

संध्याकाळी देवळात एकटाच होतो. सहाणेवर गंध उगाळत बसलो. पातळ गंध कपाळाला. दाट उगाळलं, लोण्यासारखं, तर ते सुकलं की दगडाला धरून बसतं. डाव्या पाकळीच्या पाठीला तेवढं बोटभर लावलं तर ती हलणार नाही, मग उजवीच पडेल. उजवीला लावलं तर डावी पडेल. डावी पडली की कराड. आठची गाडी. साडेपाचला घरात.

सहाण पुढ्यात घेऊन मी तिथं किती वेळ बसलो होतो देव जाणे. त्यालाच माहीत, समोर तोच होता.

१७ ऑगस्ट, रविवार

झालं.

सकाळी माणसं जमली. आक्का, सुभेदार, भावकीतली चार माणसं. ताट ह्या वेळी मी स्वतः मांडलं. अक्षता "मी मांडते" म्हणाली नाही. उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी राहिली, बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट.

आधी उजवी लावली. साधी, पाण्यात भिजवून, अंगठा अलगद. मग डावी. तिच्या पाठीला गंध. मी सगळ्यांना पाठमोरा होतो, कुणाला दिसलं नाही. हात कापला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. तीन वर्षांनी पहिल्यांदा देवाशी बोललो. मनात म्हटलं, माझ्या बायकोच्या वेळी तुझ्यावर सोडलं. लेकीच्या वेळी सोडणार नाही. तुला माझं जे करायचं ते कर.

मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. "देवा भैरोबा, लेकरू गोंदियाला डॉक्टर व्हायला जाऊ का म्हणतंय. होय असंल तर उजवा दे, नको असंल तर डावा दे."

घंटासुद्धा कुणी वाजवली नाही. बाहेर पिंपळावर कावळे होते तेवढेच.

उजवी पडली.

"उजवा! उजवा दिला देवानं!" सुभेदार ओरडले. आक्कानं कपाळाला हात लावला, मग पाया पडली.

अक्षता खालीच बसली. उंबऱ्यावर डोकं टेकून रडायला लागली. आईच्या वेळीसुद्धा ती अशी रडली नव्हती. अंग गदगदत होतं, तोंडातून नुसतं "देवा, देवा". आक्का पाठीवरून हात फिरवत होती, "रडू नगं, सुट्टीला यशील की." मला आतून तुटत होतं. घर सुटतंय म्हणून रडतेय पोर, आणि मी गंध लावून ढकललं तिला. पण चुकलो नाही. चुकलो नाही असं दहा वेळा लिहिलं तरी चालेल.

माणसं गेल्यावर डावी पाकळी काढायला गेलो. ओल्या फडक्यानं पुसावी लागली. फडकं मी नंतर चुलीत घातलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

कराडच्या प्लॅटफॉर्मवर लिहितोय. सकाळी कॉलेजातून दाखले काढले. कारकुनानं दोनदा विचारलं, "नक्की सोडताय?" अक्षता म्हणाली, "व्हय. नक्की." मी इतक्या दिवसांत तिच्या तोंडून नक्की हा शब्द ऐकला नव्हता.

श्रावणातला शेवटचा सोमवार आणि मी देवळात नाही. पाळी चुलतभावाला दिली. गाडी वीस मिनिटं उशिरा आहे. ती वडापाव खातेय, चक्क दुसरा.

२० ऑगस्ट, बुधवार. गोंदिया

प्रवेश झाला.

फॉर्ममध्ये आईचं नाव लिहायचा रकाना होता. तिथं तिचं पेन थांबलं. मग लिहिलं — रेश्मा. आणि मला फॉर्म दाखवला, जसं काही मी तपासणार होतो. म्हटलं, बरोबर आहे.

होस्टेलच्या फाटकापुढं बापांना जाऊ देत नाहीत. गादी तिनं स्वतः उचलून नेली. वळून बघितलं, हात हलवला. तिचा चेहरा मोकळा होता. मीच चष्मा पुसत राहिलो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी घरी पोचलो. ओवरीत तिची चटई तशीच अंथरलेली. गुंडाळून ठेवली, परत अंथरली. लोक देवळात येतात, कुणी तिथं चप्पल काढून बसेल, बसू दे.

कुकर लावला. चार शिट्ट्या की तीन ते विचारायला फोन केला. तिनं उचलला नाही, वर्गात असेल. पाच होऊ दिल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन भाकरी थापल्या. एक मोडली.

३१ ऑगस्ट, रविवार

कोंडीबा आला होता, खालच्या आळीचा. बायकोला पोटात आजार निघालाय, सांगलीच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलंय. "आवं गुरव, तेवढा कौल लावा. तुमच्या लेकीला दिला तसा खनखनीत कौल पायजे."

मी म्हटलं, "आजारपणाचा कौल बंद केलाय."

"कुणी?"

"देवानंच. स्वप्नात येऊन सांगितलं. डॉक्टर सांगतील ती तारीख धरायची, म्हणाला."

कोंडीबा पाया पडून गेला. उद्याच सांगलीला नेतो म्हणाला. आता मी देवाच्या नावावर सर्रास खोटं बोलायला लागलोय. वडील असते तर घराबाहेर काढलं असतं. तरी पूजा करताना आज बरं वाटलं. त्याच्याशी दोन शब्द बोललोसुद्धा. उन्हाचं, पावसाचं, असंच.

रेश्माला मात्र हे तीन वर्षांपूर्वी हवं होतं. तेव्हा माझ्या अंगठ्यात एवढी अक्कल नव्हती.

१४ सप्टेंबर, रविवार

देवळाला कुलूप लावताना अक्षताचा फोन आला. उद्यापासून मृतदेहावर शिकवायला सुरुवात करणार आहेत. म्हणाली, "अण्णा, एक सांगायचंय. सांगितल्याबिगर मला त्या खोलीत पाऊल टाकता यायचं न्हाई."

आईच्या कौलाचं ताट तिनं मांडलं होतं. उजवी पाकळी तिनं मधात बुडवली होती, पंचामृताच्या. ऑपरेशनला नेलं की आई परत यायची नाही, असं तिला वाटलं होतं.

मुंग्या. तीन वर्षं मी माझ्या अंगठ्याला दोष देत होतो, आणि पंधरा वर्षांचं लेकरू हे घेऊन माझ्या शेजारी जेवत होतं.

मी कुलूप परत काढलं आणि गाभाऱ्यात जाऊन बसलो. मग तिनं विचारलं, "पर ह्या खेपेला त्यानंच जा म्हटलं न्हवं? मी ताटाला हातसुदीक लावला न्हवता. म्हंजी त्यानं मला माफ केलं. व्हय ना अण्णा?"

सहाण समोरच होती.

म्हटलं, "व्हय बाळा. त्यानंच म्हटलं."